‘चक्र’मधला हरवलेला ‘ए’

‘माझा’ म्हणा आणि लगेच ‘माझी’. लिहिताना झ तोच, पण उच्चार बदलतो. पुढे ‘ई’ यायची म्हणून जीभ आधीच टाळूकडे सरकते. समजा, पुढेमागे हे दोन्ही शेवटचे स्वर झिजून एकसारखे झाले, तरी निव्वळ झच्या उच्चारावरून ‘ई’ कुठे होती ते ओळखता येईल.

‘चक्र’चं मूळ रूप शोधताना अशीच खूण कामी आली. ग्रीकमध्ये चक्राला ‘कुक्लोस’ म्हणत. मध्य आशियातल्या लुप्त तोखारी भाषेत ‘कोकले’ म्हणजे रथ. इंग्रजी ‘व्हील’ही याच कुळातलं; जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन वगैरे) मूळ कचा ह झाला. मग संस्कृतात च कुठून आला? आणि आला तर दुसरा क का सुटला?

संस्कृतातला ‘अ’ हाच मूळ स्वर, असं एकोणिसाव्या शतकात बराच काळ मानलं जाई. ऑगस्ट श्लायखर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये मूळ इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, ग्रीक, जर्मानिक वगैरेंच्या समान पूर्वज भाषेत, एक गोष्ट रचली, तीही अ-आंनी भरलेली. १८७०च्या दशकात अनेक अभ्यासकांना जवळपास एकाच वेळी उलगडा झाला: पहिल्या व्यंजनापुढे ‘ए’ होता. त्याने कचा च केला. नंतर संस्कृतात ए, ओ, अ एकाच ‘अ’मध्ये मिसळून गेले. दुसऱ्यापुढे स्वर नव्हताच, म्हणून तो क राहिला. (आपल्या ‘चाक’मधला च पुढे दंततालव्य झाला, ती वेगळी कथा.)

मूळ रूप मांडतात ते *क्वेक्व्लोस असं. फुली म्हणजे हे कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, तर्काने उभं केलंय. धातू ‘क्वेल’, म्हणजे फिरणे, ‘चरति’ही त्यातलंच. त्याचं द्वित्व करून बनलेलं हे नाम, जणू ‘फिरफिर’.

पोलंडमधल्या ब्रोनोचित्से इथल्या मडक्यावर चारचाकी गाडीचं चित्र आहे, साधारण इ.स.पू. ३५०० चं. चाकाचा शब्द इतक्या शाखांत सामाईक, म्हणजे चाक आलं तेव्हा त्या फुटलेल्या नसाव्यात; म्हणून त्या सुमारास ही मूळ भाषा बऱ्याच अंशी एकसंध असावी, असं पुष्कळजण म्हणतात. हा धागा ध्वनिनियमाइतका घट्ट नाही. याच कुळातल्या, आजच्या तुर्कस्तानात बोलल्या जाणाऱ्या प्राचीन हित्ती भाषेत चाकाला ‘हुर्की’ असा निराळाच शब्द आहे. ती शाखा बहुधा आधीच फुटली होती. शिवाय ‘फिरणे’वरून चाकाला नाव देणं कुणालाही सुचेल. पण तोखारी आणि जर्मानिक या दोन टोकांच्या शाखांनी एकाच धातूचं द्वित्व आपापलं करून ते चाका-गाडीलाच लावलं, हे मला तरी पटत नाही.