गृहकर्ज घेताना हप्त्याखेरीज द्यावे लागणारे शुल्क : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

पुण्यात ६० लाख रुपयांचा पुनर्विक्रीतला फ्लॅट ठरला आणि बँकेने ८० टक्के म्हणजे ४८ लाख रुपये देण्याची तयारी दाखवली, की बहुतेक घरांत हिशेब १२ लाखांवर थांबतो. या व्यवहारात ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार आणि नोंदणी शुल्काचे ३० हजार रुपये त्याखेरीज उभे असतात, आणि ते बँक देत नाही. मुद्रांक, नोंदणी आणि दस्तऐवजांचा खर्च घराच्या किमतीत धरून त्यावर कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सवलत आहे ती फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांना. म्हणजे कर्जाचा एकही रुपया हाती येण्यापूर्वी स्वतःच्या खिशातून साडेसोळा लाखांची तयारी लागते, आणि बँकेचे स्वतःचे शुल्क त्यात अजून आलेलेच नाही.

कर्ज किमतीच्या किती प्रमाणात मिळेल याची कमाल मर्यादाही ठरलेली आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावरील कर्जाला ७५ टक्के. मात्र ही किंमत कोणती, यावर खूप काही अवलंबून असते. करारात ६० लाख लिहिले असले आणि बँकेच्या मूल्यांककाने घराचे मोल ५५ लाखच धरले, तर बँक कमी असलेला आकडा घेते आणि कर्ज ४४ लाखांवर येते. टोकन देऊन झाल्यावर हे कळले, तर ४ लाखांची तजवीज दोन-तीन आठवड्यांत करावी लागते. म्हणून टोकनच्या पावतीत कर्ज न मिळाल्यास किंवा कमी मिळाल्यास रक्कम परत देण्याची अट लिहून घ्यावी. विक्रेता कुरकुर करेल, तरीही घ्यावी.

पात्रता ठरवताना बँक मुख्यतः तीन गोष्टी पाहते. निवृत्तीपर्यंत किती वर्षे उरली आहेत, चालू हप्ते वजा जाता पगारातून नवा हप्ता झेपतो का, आणि आजवरच्या कर्जफेडीचा इतिहास कसा आहे. सर्व कर्जांचे हप्ते मिळून हाती येणाऱ्या उत्पन्नाच्या साधारण निम्म्यापर्यंत असावेत, असा बँकांचा ठोकताळा असतो. क्रेडिट स्कोअर कमी असेल तर कर्ज नाकारले जातेच असे नाही, पण व्याजदर वाढतो. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळण्याचा हक्क ग्राहकाला आहे. अर्ज करण्याआधी तो पाहून घ्यावा, कारण जुन्या क्रेडिट कार्डाची पाचशे रुपयांची विसरलेली थकबाकीसुद्धा व्याजदराच्या वाटाघाटीत आडवी येऊ शकते.

नोकरदाराला पॅन, आधार, तीन महिन्यांच्या पगारपावत्या, सहा महिन्यांचा खातेउतारा आणि दोन वर्षांचा फॉर्म १६ लागतो. व्यावसायिकाला दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे, ताळेबंद आणि नफातोटा पत्रक द्यावे लागते. पुनर्विक्रीच्या घरासाठी आधीच्या सर्व करारनाम्यांची साखळी, प्रत्येकाची सूची क्रमांक २ म्हणजे इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताच्या तपशिलाचा उतारा), सोसायटीचे भागपत्र व ना-हरकत पत्र, भोगवटा प्रमाणपत्र आणि मालमत्ताकराची ताजी पावती हवी. बांधकाम चालू असलेल्या घरासाठी प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि विकासकाचे ना-हरकत पत्र पाहतात. खर्च बहुधा या साखळीतूनच उगवतो. मधला एखादा मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वृत्तपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल, असा तीन पायऱ्यांचा खर्च खरेदीदाराच्या गळ्यात पडतो. वास्तविक तो विक्रेत्याने करायचा असतो, पण आधी बोलून न घेतल्यास कर्जाची घाई ज्याला असते तोच तो करून मोकळा होतो.

प्रक्रिया शुल्क आणि अर्जाच्या वेळचे पैसे

अर्ज भरताना काही संस्था 'लॉगिन फी' घेतात आणि मंजुरीच्या वेळी उरलेले प्रक्रिया शुल्क वसूल करतात. हे शुल्क बँकेगणिक बदलते. कुठे ठरावीक रक्कम असते, तर कुठे कर्जाच्या पाव ते एक टक्का. अर्धा टक्का धरला तर ४८ लाखांवर २४ हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४ हजार ३२० होतात. सणासुदीच्या काळात 'प्रक्रिया शुल्क माफ' अशी जाहिरात येते, तेव्हा वकिलाच्या शोध अहवालाचे (म्हणजे मालकीहक्काच्या तपासणीचे) आणि मूल्यांकनाचे पैसे त्या माफीत येतात का, हे वेगळे विचारावे लागते, कारण बहुतेकदा ते येत नाहीत. अर्ज नामंजूर झाल्यास शुल्कातला कोणता भाग परत मिळेल, ही माहिती अर्जाच्या नमुन्यातच असली पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेची उचित व्यवहार संहिता सांगते. ती ओळ सापडत नसेल तर शाखेकडून लेखी मागावी. तोंडी आश्वासन देणारा प्रतिनिधी सहा महिन्यांनी त्याच टेबलावर असेलच असे नाही.

मुख्य तथ्य विवरण

या सगळ्या प्रक्रियेतला ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत कामाचा कागद म्हणजे मुख्य तथ्य विवरण (की फॅक्ट स्टेटमेंट), आणि सर्वांत कमी वाचला जाणाराही हाच. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ (म्हणजे व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या, गृहकर्जासह) कर्जासाठी बँकेने किंवा वित्त कंपनीने ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत हे विवरण देणे बंधनकारक आहे. मराठीत मागायला संकोच करू नये. त्यात व्याजदराखेरीज वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे व्याज आणि सर्व शुल्के एकत्र धरून निघणारा खरा वार्षिक दर द्यावा लागतो, शिवाय हप्त्यांचे वेळापत्रकही. विमा आणि कायदेशीर तपासणी यांसारखे इतरांच्या वतीने वसूल केलेले पैसेसुद्धा या दरात धरायचे असतात आणि त्यांच्या पावत्या ग्राहकाला द्यायच्या असतात. विवरण दिल्यावर ते वाचून निर्णय घ्यायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत ग्राहकाने होकार दिला तर त्यातल्या अटी बँकेला पाळाव्या लागतात.

त्याहून महत्त्वाचे असे की, या विवरणात ज्याचा उल्लेख नाही असे कोणतेही शुल्क ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या संपूर्ण मुदतीत कधीही लावता येत नाही. म्हणूनच कर्जाच्या पन्नास-साठ पानांच्या करारावर सह्या करताना एखाद्या पानावर 'वेळोवेळी लागू होणारी इतर शुल्के मला मान्य आहेत' अशा अर्थाचे वाक्य दिसले, तर तिथे थांबून त्या शुल्कांची यादी मागावी. दोन बँकांची तुलना करतानाही जाहिरातीतला व्याजदर बाजूला ठेवून हा वार्षिक टक्केवारी दर शेजारी ठेवावा, ०.१० टक्क्याने स्वस्त वाटणारी बँक तिथे अनेकदा महाग निघते.

विम्याचा मुद्दा इथेच येतो. घर गहाण असल्याने आग वगैरेंसाठी घराचा विमा काढण्याची अट बँक घालू शकते. पण कर्जदाराचा जीवनविमा, आणि तोही बँकेच्याच गटातल्या कंपनीचा, कायद्याने सक्तीचा नाही. तरी दीड लाखांचा एकरकमी हप्ता कर्जाच्या रकमेतच मिळवला जातो आणि ग्राहकाला तो जाणवत नाही, कारण मासिक हप्ता फक्त १,३०० रुपयांनी वाढतो. साडेआठ टक्के दराने २० वर्षांत याच दीड लाखांचे तीन लाख बारा हजारांच्या आसपास भरले जातात. विमा नकोच असे म्हणणे नाही. कर्त्या माणसामागे कर्जाचे ओझे राहू नये हा हेतू रास्तच आहे, पण स्वतंत्र मुदत विमा घेऊन तो साधतो का, हे आधी तपासावे.

करारनामा, गहाण आणि सूचनेची नोंद

खरेदी करारावरचे मुद्रांक शुल्क जागेप्रमाणे बदलते. मुंबईत मेट्रो अधिभारासह ते ६ टक्के आहे, तर पुणे, ठाणे आणि नागपूर या शहरांत ७ टक्के. सर्व खरेदीदार महिला असतील तर निवासी घरावर एक टक्का सवलत मिळते; वरच्या उदाहरणात ६० हजार रुपये वाचतात. पती-पत्नी दोघांची नावे घातली की ही सवलत जाते, म्हणून ज्यांना ती हवी आहे त्यांनी कराराचा मसुदा तयार होण्याआधीच ठरवावे. त्याच वेळी कर्जात सहअर्जदार कोण असेल, हेही बँकेशी बोलून घ्यावे लागते.

मंजुरीनंतर मूळ करार बँकेत ठेवून जे गहाण होते, त्यावर महाराष्ट्रात वेगळे मुद्रांक शुल्क आहे. कर्ज ५ लाखांपेक्षा जास्त असेल तर ०.३ टक्का, म्हणजे ४८ लाखांवर १४ हजार ४०० रुपये. या गहाणाची सूचना, जिला बँकेत सगळेजण 'एनओआय' म्हणतात, ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकांकडे दाखल करावी लागते. तिचे सरकारी शुल्क १,००० रुपये आणि दस्त हाताळणीचे ३०० रुपये इतकेच आहे. एजंट याच कामाचे चार-पाच हजार मागतात. गर्दी आणि रजेचा हिशेब करून काहीजण ते देतातही, पण पावती तेराशेचीच मिळणार, हे माहीत असावे. बऱ्याच बँका ही सूचना ऑनलाइन दाखल करतात, तेव्हा आपली बँक तशी सोय देते का, हे विचारावे. गहाणाची नोंद सरसाई या केंद्रीय नोंदणी यंत्रणेतही होते. तिथले शुल्क ५ लाखांवरील कर्जाला १०० रुपये अधिक जीएसटी आहे. या नावाखाली कुणी हजार-दोन हजार लावले असतील तर तपशील मागावा. प्रतिज्ञापत्र, हमीपत्र अशा किरकोळ कागदांचा खर्चही आता किरकोळ राहिलेला नाही, कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात अनेक दस्तांचा किमान मुद्रांक १०० वरून ५०० रुपये झाला.

घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का करकपात करून ती सरकारात भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची आहे. पैसे विक्रेत्याचेच असतात, पण वेळेत भरले नाहीत तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क खरेदीदाराला लागते. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा एक टक्क्याचा नियम लागू होत नाही आणि कपात बरीच जास्त असते, तेव्हा सनदी लेखापालाचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. परदेशातल्या मराठी कुटुंबांनी तिकडून पाठवलेले कुलमुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथला मुद्रांक लावून घ्यावा लागतो.

वितरण आणि त्यानंतरचे खर्च

वितरणाच्या वेळचा एक अनुभव इथे नमूद करतो. आमच्या कर्जाचा धनादेश १४ तारखेचा होता, पण विक्रेत्याची कागदपत्रे अपुरी म्हणून तो शाखेतच राहिला आणि २३ तारखेला हाती आला. पहिल्या खातेउताऱ्यात व्याज १४ तारखेपासून लावलेले होते. ४८ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी एका दिवसाचे व्याज साधारण १,११८ रुपये होते, म्हणजे नऊ दिवसांचे दहा हजारांच्या वर. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात नेमक्या याच प्रथांवर बोट ठेवले आहे: पैसे प्रत्यक्ष देण्याआधीच्या तारखेपासून व्याज लावणे, महिन्याच्या मधल्या वितरणाला पूर्ण महिन्याचे व्याज आकारणे, आगाऊ हप्ते घेऊनही पूर्ण रकमेवर व्याज मोजणे. परिपत्रकाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिल्यावर आमची रक्कम पुढच्या महिन्यात जमा झाली. धनादेश घेताना पोचपावतीवर तारीख घातलेली होती, तीच उपयोगी पडली.

हप्ता चुकला तर आता दंडव्याज लावता येत नाही. दंड शुल्क लागते आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड व्यक्तीने केली तर कोणतेही शुल्क नाही, मग पैसे बोनसचे असोत वा दुसऱ्या बँकेचे. मात्र कर्ज दुसरीकडे हलवताना नव्या बँकेत गहाण नव्याने होते, त्यामुळे ०.३ टक्का मुद्रांक, सूचनेची नोंद आणि वकिलाचा अहवाल हे सगळे पुन्हा भरावे लागते. त्याऐवजी आहे त्याच बँकेत थोडे शुल्क भरून व्याजदर कमी करून घेता येतो का, हे आधी विचारावे. बँका ही सोय देतात, पण आपण होऊन क्वचितच सांगतात.

तक्रार प्रथम शाखेत किंवा बँकेच्या तक्रार कक्षात लेखी द्यावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येते. मार्गदर्शनासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कर्ज गृहवित्त कंपनीचे असेल तर तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते.

कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत करणे आणि गहाणाच्या नोंदी काढून टाकणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद घेताना सरसाईवरची नोंद उतरली का, हे त्याच भेटीत पाहून घ्यावे, कारण ती राहिली तर दहा वर्षांनी घर विकताना खरेदीदाराची बँक नेमका तोच प्रश्न विचारते.