वाघीण आली, बिल्टी यायची आहे : खान्देशातल्या मॉडेल मालवाहतुकीची पार्श्वभूमी

हिवाळ्यातल्या सत्रात भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव आणि धुळे इथल्या पाच घरांतले लेआउट, म्हणजे मांडलेल्या छोट्या मॉडेल रेल्वे, मालवाहतुकीने जोडले जातात. दर वर्षी दोन-तीन नवी माणसं येतात आणि तेच दोन प्रश्न विचारतात. आपल्या लेआउटवर १९७६ सालच का चालतं? आणि एका वाघिणीमागे, म्हणजे मालगाडीच्या एका डब्यामागे, दोन कागद कशाला? दोन्हींची उत्तरं भरीत-पुरीच्या पंगतीत उभ्या उभ्या देता येत नाहीत, म्हणून हे टिपण.

कागदाची कल्पना मूळची आपली नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या काही हौशींना गाडी नुसती गोल फिरवण्याचा कंटाळा आला आणि त्यांनी तिला काम द्यायला सुरुवात केली. कुणी डब्याच्या छपरावर रंगीत खुणा ठेवून मुक्काम ठरवला, कुणी याद्या केल्या. १९६१ साली तिथल्या एका मासिकात कार्डाची पद्धत छापून आली. प्रत्येक डब्याचं एक कार्ड, कार्डाला खिसा, खिशात मालाची चिठ्ठी. चिठ्ठी बदलली की डब्याचं गाव बदललं. पुढे एकाच चिठ्ठीवर चार मुक्काम लिहून ती फिरवत राहायची सोय झाली. १९८१पासून जर्मन भाषक मुलुखात सुट्या मॉड्यूलवाल्यांनी हीच पद्धत मोठ्या सभागृहात नेली. तिथे एकाने भरलेला डबा दुसऱ्याच्या स्टेशनात रिकामा होऊ लागला. आपल्याकडे आलं ते एवढंच : डबा दुसऱ्याच्या दारी गेला पाहिजे.

बाकी सगळं इथलं आहे, आणि ते मला जास्त माहीत आहे, कारण मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. सत्तरच्या दशकात यार्डात उभ्या असलेल्या चारचाकी बंद वाघिणीच्या अंगावर खडूने मोठ्या अक्षरांत स्टेशनचा कोड लिहिलेला असे. खाली लोखंडी चौकटीत लेबल अडकवलेलं. त्यावर कुठून, कुठे, माल काय आणि इन्व्हॉइसचा नंबर. पावसाळ्यात शाई उतरायची आणि मग शंटिंगवाले कंदील वर धरून एकमेकांना विचारायचे, ‘ही सीएसएनची का डीएचआयची?’ चाळीसगावची वाघीण चाळीसगावातच सुटायची आणि धुळ्याची तिथून फाट्यावर जायची. एका गाडीत कापसाच्या गाठी, सरकी, सिमेंट, मीठ, गहू असं सगळं एकामागे एक लागलेलं असे. सावदा, निंभोरा, रावेरहून दिल्लीकडे जाणारी केळी त्यात वेगळी. ती थांबवायची नाही हे पोरासोरांनाही ठाऊक होतं.

मग १९८०च्या दशकात रेल्वेने सुट्या वाघिणींचा कारभार आवरता घेतला आणि पूर्ण रेकचा, म्हणजे एकाच ठिकाणी जाणाऱ्या अख्ख्या गाडीचा, मार्ग धरला. कारण खरं होतं. सुटी वाघीण धावायची थोडी आणि यार्डात उभी राहायची फार. भरलेला रेक एका टोकाहून निघून दुसऱ्या टोकाला रिकामा झाला तर तेवढ्याच वाघिणींत कितीतरी जास्त माल जातो. पण त्यामुळे लहान स्टेशनांवरचे मालधक्के एकेक करून ओस पडले. ज्या व्यापाऱ्याकडे एकच वाघीण भरेल एवढा माल होता तो ट्रककडे वळला, केळीही मोठ्या प्रमाणात रस्त्यावर आली.

आपल्या मंडळींमधला सर्वांत मोठा वाद इथे उभा राहिला. तरुणांचं म्हणणं असं की जे रोज दिसतं तेच चालवू. दीपनगरच्या वीज केंद्राला जाणारा कोळशाचा रेक आमच्या डोळ्यांसमोर आहे, चारचाकी वाघीण आम्ही कधी पाहिलेलीही नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण टेप लावून बघा. कोळशाची उघडी बॉक्सएन वाघीण १०.७ मीटरची. आपल्या मॉडेलच्या १:८७ प्रमाणात ती १२ सेंटीमीटरहून थोडी जास्त भरते. ५८ वाघिणींचा रेक सात मीटरच्या वर गेला, म्हणजे तेवीस फूट. आपल्यातल्या सर्वांत मोठ्या खोलीची लांबी सोळा फूट आहे. दहा वाघिणी लावून त्याला रेक म्हणायचं तर मग खरेपणा राहिला कुठे? शिवाय पूर्ण रेकला कार्ड एकच लागतं. गाडी आली, रिकामी झाली, गेली. शंटिंग नाही, वाघीण शोधणं नाही, चुकीच्या साइडिंगला गेलेली वाघीण परत काढणं नाही. खेळणाऱ्याने करायचं काय?

१९७६ ठरलं ते यातून. मुख्य लाइनवर तारा आलेल्या होत्या, म्हणजे विजेचं इंजिन हवं असणाऱ्यांची सोय झाली. डब्ल्यूजी वाफेची इंजिनं अजून कामावर होती. आणि सुट्या वाघिणी भरपूर. चारचाकी वाघीण या प्रमाणात नऊ सेंटीमीटरच्या आसपास बसते, पंधरा लावल्या तरी वाघिणींची रांग दीड मीटरमध्ये मावते. तडजोड म्हणून जळगावच्या लेआउटवर सत्राचा शेवटचा तास आजच्या काळाचा ठेवला, त्यात कोळशाचा रेक एका कार्डावर धावतो. तो तास मला कधीच भावला नाही, पण ज्यांना हवा आहे त्यांच्यासाठी तो आहे आणि राहील.

ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर या प्रमाणात १९.३ मिलिमीटर व्हायला हवं, आपण १६.५ वर भागवतो. त्यावर आपल्यात वाद नाही.

आता दोन कागद. सुरुवातीला इंग्रजी मासिकांतल्या ‘वेबिल’ शब्दाला आम्ही सरळ ‘बिल्टी’ म्हणायला लागलो. कार्डाच्या खिशात बिल्टी घालायची, वाघीण निघाली. तीन सत्रं असंच चाललं. मग एक निवृत्त मालबाबू पाहुणे म्हणून आले. चाळीसगावच्या मिलसाठी निघालेल्या वाघिणीचं कार्ड त्यांनी हातात घेतलं, खिशातली चिठ्ठी काढली आणि शांतपणे म्हणाले, ‘बिल्टी गाडीनं जात नाही हो. बिल्टी पोस्टानं जाते.’

त्यांनी समजावलं ते असं. अमेरिकेतला वेबिल म्हणजे डब्याबरोबर प्रवास करणारा कागद. आपल्याकडे ते काम इन्व्हॉइस आणि लेबल करतात. इन्व्हॉइस गार्डाकडे, लेबल वाघिणीवर. बिल्टी म्हणजे आरआर, रेल्वे रिसीट. ती माल भरणाऱ्याच्या हातात पडते आणि तो ती घेणाऱ्याला धाडतो, बऱ्याचदा बँकेमार्फत. घेणाऱ्याने बँकेत पैसे भरले की बिल्टी सुटली, आणि बिल्टी दाखवली की माल सुटला. म्हणजे बिल्टी हा मालाच्या मालकीचा कागद आहे. तिचा रस्ता वेगळा, वाघिणीचा वेगळा. वाघीण आधी पोचली आणि बिल्टी मागे राहिली, असं नेहमी व्हायचं. मग व्यापारी धक्क्यावर हेलपाटे घालायचा, डॅमरेज, म्हणजे उशिराचा आकार, चढायचं. फारच अडलं तर हमीपत्र लिहून देऊन माल सोडवायचा.

त्या दिवसापासून आपली पद्धत बदलली. कार्डाच्या खिशात जातं ते लेबल. फिकट पिवळ्या कागदावर, वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्टीएवढं, त्यावर शाईने स्टेशन आणि माल. बिल्टी वेगळ्या पांढऱ्या कागदावर, आणि ती खरोखर पोस्टाने जाते. भुसावळच्या लेआउटवर भरलेली वाघीण मिठाईच्या खोक्यात फोम घालून एसटीने चाळीसगावला पोचते. रेल्वेने हे अंतर साधारण ११५ किलोमीटर. बिल्टी तिकीट लावलेल्या पाकिटातून निघते. ती पोचेपर्यंत वाघीण मालधक्क्याच्या रुळावर उभी, आणि तिच्यामागे दुसरी लावायला जागा नाही. मागच्या हिवाळ्यात कापसाच्या गाठींची एक वाघीण अशी दोन सत्रं अडून बसली. तिच्यामुळे धुळ्याच्या गाडीचं शंटिंग चार चालींऐवजी अकरा चालींत झालं. चाळीसगावच्या काकांनी शेवटी पूर्ण शिक्क्यानिशी हमीपत्र लिहून दिलं, तेव्हा कुठे रूळ मोकळा झाला. नव्या माणसांना हा उगाचचा त्रास वाटतो. मला वाटतं, आपल्या लेआउटवर बाहेरून न आणलेली आणि दुसरीकडे सहसा न सापडणारी गोष्ट हीच आहे. इथला सरकी काढणारा जिन, इथली मिल, इथला अडत्या या कागदावर जगत होता.

पाचोऱ्याला तर तिसरं काम आहे. पाचोरा-जामनेर लाइन अडीच फुटी, ७६२ मिलिमीटर. प्रमाणात ती पावणेनऊ मिलिमीटर येते, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या ९ मिलिमीटरच्या रुळावर ती जवळजवळ नेमकी बसते. ब्रॉडगेजपेक्षा आपली नॅरोगेज जास्त खरी निघाली. जामनेरकडून आलेल्या गाठी पाचोऱ्याला मोठ्या वाघिणीत चढवायच्या, त्यासाठी नियम असा की एका वाघिणीला घड्याळाची वीस मिनिटं द्यायची. खरी लाइन २०२०च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच, आता तिथे ब्रॉडगेजचं काम आहे. त्यामुळे पाचोऱ्याच्या लेआउटवर गेल्या दोन वर्षांत माणसं जास्त थांबू लागली आहेत.

अलीकडचे बदल बरेच आहेत. थ्रीडी प्रिंटरमुळे चारचाकी वाघिणी घरच्या घरी निघू लागल्या. पूर्वी एक वाघीण पुठ्ठा आणि प्लास्टिकच्या पत्र्यातून कापायला महिना जायचा. मोफत मिळणारं सॉफ्टवेअर कुठल्या वाघिणीने कुठे जायचं याची यादी क्षणात काढून देतं. जळगाववाले ते वापरतात, भुसावळला आम्ही हातानेच लिहितो. ‘गार्ड’चं २०२२मध्ये ‘ट्रेन मॅनेजर’ झालं, पण १९७६च्या कार्डांवर गार्डच राहणार.

किसान रेलचा विषय मात्र अजून मिटलेला नाही. २०२०च्या ऑगस्टमध्ये देवळालीहून पहिली किसान रेल सुटली आणि पुढे रावेर-सावद्याकडची केळीही तिने गेली. एकाच गाडीत वेगवेगळ्या स्टेशनांवरून, वेगवेगळ्या माणसांचा थोडा थोडा माल. सुट्या मालाचा हिशोब आजच्या काळात परत आला होता. त्यामुळे तरुणांनी मागितलंय की जळगावचा शेवटचा तास कोळशाऐवजी केळीला द्यावा, पार्सल व्हॅन लावून, प्रत्येक व्हॅनला स्वतःचं कार्ड आणि स्वतःची बिल्टी. या एका मागणीला माझा पाठिंबा आहे. पाच पार्सल व्हॅन प्रिंट होऊन रंगासाठी जळगावला पडल्या आहेत, लेबलांचा पिवळा कागद मी कापून ठेवला आहे.