दिव्याखालचे रातकिडे गेकोला (पाळलेल्या पालीला) चालतील का?

पावसाळा लागला की दुकानात रोज हाच प्रश्न येतो. आमचं उत्तर 'नको' असं आहे. आम्हीच किडे विकतो म्हणून असं सांगतो, असं काहींना वाटतं. त्यांच्यासाठी कारणं इथे लिहितो आहोत.

रानातल्या पाली-सरडे हेच किडे खातात, हे खरंच आहे. पण शहरातला किडा कुठून फिरून आला, ते कळत नाही. शेजारी झुरळांचं जेल लावलेलं असतं, सोसायटीत डासांचा धूर मारलेला असतो. विष चढलेला किडा मंदावतो, आणि मंदावलेला किडाच हाताला आधी लागतो. धुऊन उपयोग नाही, विष त्याच्या पोटात असतं. शिवाय बाहेरच्या किड्यांमधून जंतही येऊ शकतात.

दोन किडे तर कधीच घालू नका. पहिला काजवा. त्याच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असू शकतं. अमेरिकेत काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन जातीचे पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला गेलात तर काजवे तिथेच बघा. दुसरा रुईवरचा निळा-पिवळा टोळ. रुईच्या चिकातलं विष तो अंगात साठवतो. यांपैकी काही खाल्लं गेलं, तर लक्षणांची वाट न बघता सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे जा.

आमचा सगळ्यात जास्त वेळ मात्र वेगळ्याच तक्रारीत जातो. आमच्याकडून नेलेल्या किड्यांच्या डब्यात दोन-चार पकडलेले रातकिडे सोडले जातात, दुसऱ्या दिवशी अख्खा डबा मेलेला, आणि 'तुमचा माल खराब' असा फोन येतो. बाहेरचा किडा मिसळलेला डबा आम्ही बदलून देत नाही. आमचे किडे आमच्याकडेच पैदास झालेले, कोंडा, गाजर आणि फवारणी न केलेल्या पाल्यावर वाढलेले असतात. डबा बंद असतानाच किडे मेले, तर त्याच दिवशी कळवा, लगेच नवा देतो.

रातकिड्यांचा डबा फ्रीजमध्ये ठेवू नका, हवा खेळू द्या, पाण्याऐवजी गाजराचा तुकडा टाका. रातकिड्यांत कॅल्शियम फार कमी असतं, म्हणून घालण्याआधी कॅल्शियम पावडरीत घोळवा. किडा पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. कोणता आकार घ्यायचा कळत नसेल तर पालीचा फोटो दाखवा, आम्ही निवडून देऊ. एकच पाल असेल तर अर्धा डबाही मिळतो.