मिरची काळी पडली: पिकतेय की कुजतेय?

मागच्या ऑगस्टमध्ये कोथरूडच्या आमच्या बाल्कनीत ज्वाला जातीच्या एका मिरचीवर काळपट छटा आली. रोग समजून मी ती तोडून केरात टाकली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, रंगात येत होती ती!" पुढच्या आठवड्यात तसलीच दुसरी दिसली. शहाणपणा शिकलेली मी ती पिकायची वाट बघत बसले, तर ती आतून सडली आणि जाताना आणखी दोन मिरच्यांना घेऊन गेली.

दोन्ही काळ्याच, पण काळेपणात फरक आहे. हिरवा रंग उतरत असताना खालून लाल चढायला लागला की दोन्ही मिसळून चॉकलेटी-काळपट दिसतं. काही जातींत उन्हाकडच्या अंगाला जांभळी झाकही येते. या काळेपणाला नेमका काठ नसतो. तो हिरव्यात विरत जातो. बोट फिरवलं तर साल गुळगुळीत, चकचकीत आणि टणक लागते.

कुजीचा डाग मात्र आत दबलेला असतो. गोल किंवा लांबट, काठ ठळक, आणि नीट पाहिलं तर आत बारीक काळ्या ठिपक्यांची वर्तुळं, एकात एक. दाबलं की मऊ. हा करपा, म्हणजे बुरशी. गंमत (आपल्याला नव्हे, बुरशीला) अशी की ती हिरव्या मिरचीत गुपचूप बसून राहते आणि फळ पिकायला लागलं की डोकं वर काढते. म्हणून तर दोन्ही काळेपणं एकाच वेळी समोर येतात. पावसाच्या शिंतोड्यांनी ती पसरते, तेव्हा असली मिरची लगेच काढायची आणि कुंडीत खत म्हणून टाकायची नाही. पाणीही झाडावरून न घालता बुडाशी घालावं.

रंगात आलेली निरोगी मिरची अर्धी लाल असताना तोडली तरी घरात दोन-चार दिवसांत रंग बराच चढतो. पूर्ण हिरवी तोडून टोमॅटोसारखी पिकेल अशी आशा धरू नका, ती बहुतेक सुरकुततेच.

तशी लाल होण्याची वाट बघायलाच हवी असं कुठंय? फुलापासून साधारण महिना-दीड महिन्यात मिरची जून होते: लांबी वाढायची थांबते, रंग गडद होतो, मोडली की कट्कन आवाज येतो. ठेच्याला हीच हवी. कोवळीत तिखटपणा भरलेला नसतो. लाल व्हायला आणखी दोन-तीन आठवडे लागतात, आणि पिकलेल्या मिरच्या लोंबत ठेवल्या की झाड नव्या फुलांत हात आखडता घेतं. तोडायला कात्री घ्या, ओढलं तर फांदीच हातात येते.

बी धरायचं असेल तर एक-दोन मिरच्या झाडावरच लालभडक होऊ द्या. नर्सरीतलं रोप संकरित असेल तर मात्र त्या बियांतून तशीच मिरची येईल याचा भरवसा नाही.