दोमियासियातचं युरेनियम: 2009 मध्ये नक्की काय दिलं होतं?

मेघालयातल्या युरेनियमचा विषय निघाला की चर्चा थेट विकास की विरोध यावरच जाते, म्हणून थोडं मागचं लिहितोय.

खासी हिल्सच्या दक्षिण अंगाला, बांगलादेशच्या बाजूला दोमियासियात आहे. 1984 च्या सुमारास केंद्राच्या अणुखनिज शोधणाऱ्या खात्याला तिथे साठा सापडला. महादेक थरातला वालुकाश्म, डायनासोर होते त्या काळातला, आणि त्याच्या खाली कितीतरी जुना ग्रॅनाइट. ग्रॅनाइटमधलं युरेनियम पाण्यात विरघळून वाळूत झिरपत गेलं आणि जिथे झाडांचे कुजके तुकडे आणि पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) होतं तिथे पाण्यातला ऑक्सिजन संपून ते खाली बसलं. म्हणूनच काळसर कण असलेल्या करड्या दगडात माल आहे आणि वरच्या जांभळट थरात जवळपास काहीच नाही. प्रत साधारण 0.1 टक्के, म्हणजे टनभर दगडामागे किलोभर ऑक्साइड. ऐकायला फुसकं वाटतं, पण झारखंडमधल्या जादूगुडा युरेनियम खाणीची प्रत याच्या निम्म्याच्या आसपास आणि तिथे खाण 900 मीटर खोल गेलीय, इथे 45 मीटरच्या आतच. एकूण दगड सुमारे 92 लाख टन. वरून उघडी खाण करायची आणि शेजारीच ॲसिडने युरेनियम काढायचा कारखाना, असा प्लॅन.

अडलं ते जमिनीवर. तिथे आपल्यासारखा सातबारा नाही, जमीन कुळांची किंवा गावाची, वारसा आईकडून. आणि 1962 च्या कायद्याने युरेनियम केंद्राच्या ताब्यात. वरची माती एकाची, खालचा दगड दुसऱ्याचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चाचणीसाठी खोदकाम झालं, तेही विरोधामुळे बंद पडलं. मग प्रकल्पाचं नावच बदललं, दोमियासियातच्या जागी तीन गावांचं लांबलचक जोडनाव आलं (किल्लेंग-पिंडेंगसोहिओंग-मॉथाबाह, एका दमात म्हणून बघा). जागा तीच. जून 2007 मध्ये जनसुनावणी, डिसेंबरमध्ये पर्यावरण मंजुरी.

आता खरा घोळ. ऑगस्ट 2009 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या युरेनियम खाण कंपनीला (UCIL) 422 हेक्टर जमीन 30 वर्षांसाठी द्यायचं ठरवलं, पण कागदावर कारण होतं 'प्री-प्रोजेक्ट डेव्हलपमेंट'. म्हणजे रस्ते, शाळा, दवाखाना वगैरे. सरकारचं म्हणणं असं की ही खाणीची परवानगी नाहीच, ती वेगळी घ्यावी लागेल. विरोध करणारी खासी विद्यार्थी संघटना म्हणाली की ज्या शब्दात 'प्री' आहे त्याच्या पुढे प्रोजेक्ट येणारच ना, आणि खाण होणार नसेल तर खाण कंपनी शाळा कशाला बांधेल? मला हा प्रश्न बरोबर वाटतो. दुसरी बाजूही आहे, त्या भागात धड रस्ता नव्हता आणि तिथल्याच काही जमीनमालकांना प्रकल्प हवा होता, त्यांना शिलाँगमधून कोणी आपल्या वतीने नाही म्हणावं हे पटत नव्हतं. पण रस्ता हवा तर युरेनियम द्या अशी अट असेल तर त्या होकाराची किंमत किती धरायची? रात्रीचे रस्ता रोको, ऑफिसं बंद, सगळं झालं, आणि ऑगस्ट 2016 मध्ये राज्याने तो निर्णयच मागे घेतला. सात वर्षं गेली एका शब्दात.

जिने आपली जमीन लीजवर द्यायला शेवटपर्यंत नकार दिला ती म्हातारी खासी बाई ऑक्टोबर 2020 मध्ये 95 व्या वर्षी वारली. 45 कोटींची ऑफर होती असं छापून आलंय. त्याच वर्षी चाचणीच्या काळातल्या जुन्या सिमेंटच्या टाक्यांना तडे गेल्याचे फोटो फिरले आणि राज्याला चौकशी लावावी लागली.

आणि सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने पत्रक काढलं की अणुखनिजांच्या खाणींना जनसुनावणीची गरज नाही. मेघालयातून लगेच विरोध सुरू झाला. 2007 ची ती सुनावणी कशीही झाली असो, निदान माइकसमोर उभं राहून नाही म्हणता येत होतं.