भूक कमी झाली, गरज तेवढीच

मामीच्या स्वयंपाकघरात फळीवर स्टीलची एक लहान वाटी आहे. पूर्वी पंगतीत तिच्यातून तूप वाढलं जायचं. गेल्या अडीच वर्षांपासून मामी त्याच वाटीत जेवते. मी एकदा पाणी ओतून मोजलं, काठोकाठ भरली की 110 मिलिलिटर. दारव्हा तालुक्यातल्या तिच्या घरी गेलो की शेजारची एखादी काकू ओसरीवरून विचारतेच, "काहून वो बाई, एवढंसंच जेवून राह्यली? कमजोरी येईन ना!"

मामी काही बोलत नाही, तोंडातला मटकीचा घास चावत राहते. पण काकूंचा प्रश्न बरोबर आहे. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे कळलं, ते वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं असं फार वाटतं, म्हणून लिहितोय.

मामीचं वजन 118 किलो होतं, उंची पाच फूट एक इंच. साखर गोळ्यांना दाद देत नव्हती आणि गुडघ्यांमुळे शेतात जाणं सुटलं होतं. शेवटी ऑपरेशन ठरलं, तेव्हा गावात काही जणांनी याला पैसेवाल्यांचे चोचले म्हटलं. ते खरं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातल्या जवळपास 20 टक्के बायांचं वजन प्रमाणाबाहेर निघालं. लठ्ठपणा शहरात राहतो आणि कुपोषण खेड्यात, ही वाटणी आता उरलेली नाही. कधी कधी दोन्ही एकाच बाईच्या अंगात असतात.

नागपूरला तिची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. आपलं जठर पखालीसारखं असतं, भरपेट जेवलं की लिटर-दीड लिटरपर्यंत ताणतं. या ऑपरेशनमध्ये दुर्बिणीतून त्याचा 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी मागे ठेवतात. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम 30 मिलिलिटरची थैली करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न आतड्याचा पहिला भाग वगळूनच जातं.

पोट लहान झालं म्हणून माणूस कमी खातो, एवढाच हा मामला असेल असं मला वाटायचं. पण 1999 मध्ये मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी संशोधकांनी जठरातून रक्तात उतरणारं एक संप्रेरक शोधलं. त्याचं नाव घ्रेलिन. जेवणाची वेळ झाली की ते वाढतं आणि मेंदूला भूक लागल्याचं कळवतं. घ्रेलिन सगळ्यात जास्त बनतं ते जठराच्या वरच्या फुगीर भागात, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो. शिवाय अन्न आता आतड्यात लवकर पोचतं, त्यामुळे पोट भरल्याचं सांगणारी जीएलपी-1 सारखी संप्रेरकं जेवणानंतर जास्त जोराने वाढतात. मामी सांगते, "पयले दोन महिने मले जेवाची यादच नाही राहे."

गोम इथेच आहे. भूक म्हणजे शरीराने मारलेली हाक. हाक थांबली म्हणून गरज थांबत नाही. स्नायूंना प्रथिनं लागतातच, मज्जातंतूंना जीवनसत्त्वं लागतातच, आणि वैशाखात घाम तर तेवढाच येतो. आजवर भूक आणि तहान जो हिशेब आपोआप ठेवत होत्या, तो आता माणसाला ठेवावा लागतो.

आधी प्रथिनांचा हिशेब. अशा रुग्णाला दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्याकडचं पातळ वरण मामीच्या वाटीत भरलं तर त्यात तीन-चार ग्रॅमच निघतात, बाकी पाणी. ज्वारीची भाकर वाटीभर कुस्करली की पोट भरून जातं आणि प्रथिनं फारशी हाती लागत नाहीत. म्हणून तिच्या जेवणाचा क्रमच उलटा झाला. आधी अंडं, पनीर, घट्ट दही किंवा उसळ, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भाकरीचे दोन घास. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. गुरुवार गजानन महाराजांचा वार, त्या दिवशी अंडं शिजत नाही. मग पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या. या वड्यांमध्ये, कोरड्या वजनाच्या हिशेबाने, निम्मी प्रथिनं असतात. आपल्या शिवारातून सोयाबीनची पोती भरभरून बाजारात जातात, तेल वेगळं होतं, ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि आपल्या ताटात त्यातलं काहीच येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. घरचं सोयाबीन खायचं असेल तर भिजवून नीट शिजवूनच. कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते उष्णतेने निकामी होतात.

प्रथिनं कमी पडली तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून काम भागवतं. वजनकाट्यावर आकडा उतरतो आणि घरचे खूश होतात, पण उतरलेलं मांस असतं. चौथ्या महिन्यात मामीच्या फणीत केसांचे पुंजके यायला लागले आणि ती रडली. केस गळण्यामागे ऑपरेशनचा आणि झपाट्याने घटलेल्या वजनाचा धक्काही असतो. बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि तीनेक महिन्यांनी गळतात. मुळं जिवंत असतात. प्रथिनं आणि लोह नीट मिळालं की केस परत येतात, मामीचेही आले.

आता पाणी. शहरातल्या आहारतज्ज्ञाच्या कागदावर लिहिलेलं असतं, दिवसाला दीड ते दोन लिटर, घोट घोट. विदर्भातला मे महिना त्या कागदावर नसतो. पारा 45 च्या वर, दुपारी लाईट गेलेली, पंखा बंद. आपण शेतातून आलो की तांब्या तोंडाला लावून घटाघटा रिकामा करतो. स्लीव्ह झालेल्या माणसाला ते जमतच नाही. नळीत एका वेळी 50 मिलिलिटर गेलं की छातीत दाटून येतं. मग दीड लिटरसाठी असे तीस वेळा प्यावं लागतं, म्हणजे जागेपणी दर अर्ध्या तासाला. त्यात जेवताना पाणी नको आणि जेवणानंतर अर्धा तास नको, म्हणजे वेळ आणखी आखूड. तहान लागल्यावर पिऊ म्हटलं तर उशीर झालेला असतो, कारण एकदम पिऊन भरपाई करण्याची सोय शरीरात राहिलेली नाही. मामीने पहिला उन्हाळा माठाशेजारी बसून काढला. हाताशी छोटं फुलपात्र, कधी पाणी, कधी मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक. लघवी गर्द पिवळी झाली की कमी पडलं समजायचं, ही खूण तिला पक्की बसली आहे. एकदा उठताना चक्कर येऊन ती पडली, तेव्हा पाणी कमी पडलं होतंच, पण दुसरं कारणही निघालं. रक्तदाबाची गोळी अजून जुन्याच वजनाच्या हिशेबाने चालू होती. वजन उतरतं तसा रक्तदाब उतरतो, साखरही उतरते, तेव्हा या गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांकडून वेळोवेळी कमी करून घ्यावं लागतं.

आता जे सांगतो ते जपून वाचा. ऑपरेशनला पाच आठवडे झाले असताना मामी नात्यातल्या एका लग्नाला गेली. पंगतीत आग्रह झाला, तिने भाताचे घास भरभर घेतले आणि उलटी झाली. मग रोजच व्हायला लागली. खाल्लेलं पडायचं, व्हिटॅमिनच्या गोळ्याही पडायच्या, म्हणून तिने गोळ्या बंद केल्या. दोन आठवडे असेच गेले. आपल्याकडे कमजोरी आली की औषध ठरलेलं असतं, सलाईन. जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लागली, दुसऱ्या दिवशी आणखी एक. त्या संध्याकाळी मामी म्हणाली, "मले दोन-दोन दिसून राह्यले." चालताना ती भिंत धरत होती. तारखेचा घोळ करत होती. मी तिथेच होतो, आणि मलाही वाटलं, अशक्तपणा असेल.

नागपूरच्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "बाटलीआधी थायमिन दिलं का?"

थायमिन म्हणजे जीवनसत्त्व बी-1. शरीरात त्याचा साठा अगदी तुटपुंजा, दोन-तीन आठवड्यांचा. पेशीत ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवण्याच्या कामात ते लागतंच. चुलीत लाकडं कोंबत राहावं आणि हवाच नसावी, तसं थायमिनशिवाय ग्लुकोजचं होतं. उलट शिरेतून ग्लुकोज ओतलं की उरलंसुरलं थायमिनही त्यात संपतं आणि मेंदूचे काही नाजूक भाग उपाशी पडतात. डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, तोल जातो, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. याला वेर्निके एन्सेफॅलोपॅथी म्हणतात, आणि उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. या जीवनसत्त्वाची कथा जुनी आहे. 1890 च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरने पाहिलं की पांढऱ्या सडीक तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या सावरतात. कोंड्यात होतं ते हेच थायमिन.

मामीला त्याच रात्री शिरेतून थायमिन मिळालं आणि चार दिवसांत डोळे जागेवर आले. नागपूरला दुर्बिणीतून पाहिलं तर जठराची नळी मध्ये अरुंद झाली होती, ती फुग्याने रुंद केली आणि उलट्या थांबल्या. गावच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. असा रुग्ण त्यांच्यासमोर कधी आलाच नव्हता, आणि आम्हीही ऑपरेशन कोणतं झालं ते धड सांगितलं नव्हतं. पण हे ठाऊक असावं: अशा ऑपरेशननंतर सतत उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन. साखर धोकादायक उतरली असेल तर ग्लुकोज थांबवायचं नाही, थायमिन सोबतच द्यायचं. मामेभावाने नंतर एक कार्ड मराठी-इंग्रजीत टाईप करून, लॅमिनेशन करून मामीच्या पिशवीत ठेवलं. त्यावर ऑपरेशनचं नाव आहे, थायमिनची ओळ आहे, आणि खाली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत असं लिहिलं आहे. बायपासनंतर तर या गोळ्या जोडाच्या जागी व्रण पाडतात. विडी-सिगारेटचंही तेच. आणि आपल्याकडचा खर्रा, तोही सोडायलाच हवा.

थायमिन आठवड्यांत संपतं, बी-12 चं उलट आहे. त्याचा साठा यकृतात काही वर्षं पुरतो, म्हणून फसगत होते. बी-12 शोषायला जठरात तयार होणारं एक प्रथिन लागतं, जठरच कापलं की ते कमी पडतं. पहिली दोन वर्षं सगळं ठीक वाटतं, माणूस गोळ्या सोडतो, आणि मग तळपायाला मुंग्या येतात. शाकाहारी घरात साठा मुळातच कमी, तिथे हे आणखी लवकर होतं. मामी महिन्याला एक इंजेक्शन घेते, ते गावातच मिळतं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या दोन तासांच्या अंतराने घ्याव्या लागतात, एकत्र घेतल्या की कॅल्शियम लोहाला अडवतं. कॅल्शियमही सायट्रेटच्या रूपातलं बरं, कारण साध्या कार्बोनेटला विरघळायला आम्ल लागतं आणि लहान जठरात तेच कमी.

आखाजीला आमरस-पुरणपोळी असते. पहिल्या वर्षी मामीने अर्धी वाटी रस प्यायला आणि पंधरा मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळा. गोड द्रव आतड्यात एकदम उतरला की तो आजूबाजूचं पाणी आत ओढून घेतो. कधी दोन-एक तासांनी उलटाच प्रकार होतो, इन्शुलिन जास्त सुटतं आणि साखर खाली जाते. याला डंपिंग म्हणतात. बायपासमध्ये ते जास्त दिसतं, पण स्लीव्हवाल्यांनाही सुटका नाही.

तरुण सुनांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. वजन उतरलं की अनियमित पाळी सुरळीत होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण पहिल्या 12 ते 18 महिन्यांत गर्भधारणा टाळायला सांगतात. "आता बारीक झाली, आता लवकर होऊन जाऊ दे" हा घरच्यांचा आग्रह त्या काळात बाळालाही झेपणारा नसतो.

दीड वर्षात मामी 83 किलोवर आली, आता 86 वर आहे. तीन किलो परत आले म्हणून ती खचली होती. सगळ्यात कमी वजन साधारण वर्ष-दोन वर्षांत दिसतं, नंतर थोडं परत येतं, हे जवळपास सगळ्यांच्या बाबतीत होतं. साखरेच्या गोळ्या बंद आहेत. यंदा कापसाच्या वेचणीला ती दोन महिने गेली. कमरेला ओटी, ओटीत पाण्याची लहान बाटली आणि फुटाण्यांची पुडी.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातली एक बाई सुनेला घेऊन मामीकडे आली होती. सुनेला नागपूरच्या डॉक्टरांनी हेच ऑपरेशन सुचवलंय. किती किलो कमी होतात, किती खर्च येतो, दोघी विचारत होत्या. मामीने फळीवरची वाटी काढून त्यांच्यापुढे ठेवली, गोळ्यांचा डबा ठेवला, ते कार्ड ठेवलं आणि सासूकडे पाहून म्हणाली, "ते सांगतो मी. आधी मले हे सांगा, दरसाल रक्त तपासाले इले नागपूरले कोण नेईन?"