इंटेलचा प्रोसेसर तुटवडा (२०१८–२०२०)

इंटेल या अमेरिकी कंपनीच्या १४ नॅनोमीटर प्रोसेसरांची (हा आकडा उत्पादन तंत्राची पिढी सांगतो; तो जितका लहान, तितके तंत्र नवे आणि चिपवरचे घटक बारीक) २०१८ च्या मध्यापासून जवळपास दोन वर्षे जगभर जाणवलेली टंचाई. आग, भूकंप किंवा संप असे काहीच घडले नव्हते. कारखाने जोरात चालू होते, तरी माल पुरत नव्हता. त्यामुळे कारणांवरून बराच वाद झाला.

कंपनीने बोट दाखवले ते मागणीकडे. हंगामी मुख्याधिकारी बॉब स्वान यांनी सप्टेंबर २०१८ मधील खुल्या पत्रात पुरवठ्याची ओढाताण मान्य केली. पीसीची बाजारपेठ २०११ नंतर प्रथमच वाढण्याची चिन्हे असून डेटा सेंटरांचीही मागणी चढती आहे, असे त्यांचे म्हणणे होते. महागड्या झिऑन (सर्व्हरसाठीच्या) आणि कोअर (पीसीसाठीच्या) प्रोसेसर मालिकांना प्राधान्य मिळाले. साहजिकच झळ बसली ती स्वस्त प्रोसेसरांवर चालणाऱ्या संगणकांना.

हे खरे असले तरी अर्धेच. मूळ गाठ १० नॅनोमीटर तंत्रात होती. साधारण २०१६ मध्ये यायचे हे तंत्र मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात येईपर्यंत २०१९ उजाडले. ट्रान्झिस्टरांची, म्हणजे चिपवरच्या सूक्ष्म विद्युत खटक्यांची, घनता एका उडीत सुमारे २.७ पट करण्याचे उद्दिष्ट होते, तेही अत्यंत लघुलहरी अतिनील किरणांच्या (ईयूव्ही) नव्या छपाई यंत्रांशिवाय. एकेक थर अनेक वेळा छापावा लागे आणि निर्दोष चिप फार कमी निघत.

परिणामी डेस्कटॉप, लॅपटॉप, सर्व्हर, शिवाय चिपसेट (प्रोसेसरला संगणकाच्या इतर भागांशी जोडणारी चिप) आणि आयफोनचे मोडेम, असा सगळा भार जुन्या १४ नॅनोमीटरवरच राहिला. त्यात २०१७ मध्ये प्रतिस्पर्धी एएमडीने रायझन हे प्रोसेसर आणले. त्याला तोंड देताना इंटेलच्या डेस्कटॉप चिपमधील कोअर (गणना करणारे गाभे) चारावरून सहा, मग आठ झाले आणि चिपचे क्षेत्रफळ सुमारे १२६ वरून १७५ चौरस मिलिमीटरच्या आसपास गेले. चिप मोठी झाली की तेवढ्याच वेफरमधून (ज्यावर चिप छापतात त्या सिलिकॉनच्या चकतीतून) नग कमी निघतात. एच३१० हा साधा चिपसेट तर पुन्हा २२ नॅनोमीटरवर न्यावा लागला. पुढे जायचे सोडून मागे जाण्याची ही वेळ कंपनीला नक्कीच बोचली असणार.

पैसा ओतूनही सुटका लगेच होत नव्हती. २०१८ चा भांडवली खर्च १५ अब्ज डॉलरपर्यंत नेला गेला, पण यंत्रे मागवून, बसवून, जुळवून घेण्यात महिनोन्‌महिने जातात. एका वेफरलाच कारखान्यातून बाहेर पडायला सुमारे तीन महिने लागतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये, वर्षभरात १४ नॅनोमीटरची क्षमता २५ टक्क्यांनी वाढवूनही, कंपनीला ग्राहकांची माफी मागावी लागली.

ॲरिझोनातील फॅब ४२ ची कथा या वादात आवर्जून निघते. हा कारखाना १४ नॅनोमीटरसाठीच बांधला होता. पीसीची मागणी मंदावल्यामुळे २०१४ मध्ये इंटेलने तो रिकामाच ठेवला. तेथे उत्पादन सुरू झाले ते २०२० मध्ये, आणि तेही १० नॅनोमीटरचे.